वजन, चहा, टाकणे

मित्रांनो, या विश्वात जे जे म्हणून काही आहे, तारे, ग्रह, डोंगर, समुद्र आणि समुद्रकाठच्या वाळूचा प्रत्येक कण, त्या सगळ्याच्या पोटात दडलेली ऊर्जा जाणण्याचा अधिकार ज्या मोजक्यांना मिळाला, त्यांच्यापैकी मी एक आहे. मी एक जुना उष्णतामापी आहे. एका प्रयोगशाळेच्या तळघरात, जिन्याखालच्या खोलीत राहतो. अंतर्यामी सातशे अंशांवर असतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत लोक माझ्या पाठीवर ओले मोजे वाळत घालतात. मोजे उत्तम वाळतात. माझ्याविषयी सर्वांचं एकमत आहे ते एवढ्या एका बाबतीत.

दिसायला मी जाड पिंपासारखा आहे. माझ्या आत दोन विहिरी आहेत, जुळ्या बहिणींसारख्या एकसारख्या. दोन्हींच्या तळाशी प्लॅटिनमची एकेक वाटी, आणि वाटीत वितळलेला क्षार, लालसर, शांत. एका विहिरीत वरून गोळी टाकतात. दुसरीत कधीच काही टाकत नाहीत. पहिलीत काय बदललं हे मी दुसरीकडे बघून सांगतो. माझा सगळा स्वभाव यातच आला. मी कशाला चांगलं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही, फक्त फरक सांगतो. अशा स्वभावाच्या माणसाला घरात कुणी फारसं बोलावत नाही. यंत्राला मात्र बोलावणी येतात.

मला बनवणारा कारागीर मूळचा घड्याळजी. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला टोक लावून जोडायच्या, म्हणजे एका बाजूला जरा ऊब वाढली की तारेतून इवलीशी वीज निघते. असे चारशे ऐंशी जोड त्याने माझ्या विहिरींभोवती बसवले, डोळ्याला भिंग लावून, एकेक मोजत. दुपारी त्याची बायको डबा घेऊन यायची आणि विचारायची, "कितवा झाला?" तो म्हणायचा, "बोलू नकोस, विसरेन." आणि विसरायचा. मग पुन्हा पहिल्यापासून मोजणी. तीनशे बाराव्या जोडाला असं तीनदा झालं. चौथ्या दिवसापासून ती डबा उंबऱ्यावर ठेवून न बोलता जाऊ लागली. पुढे दोन महिन्यांत मी तयार झालो. माझ्या जन्माचं श्रेय कारागिराला देतात. मी ते त्या माउलीच्या मौनालाही देतो.

चार माणसांनी उचलून मला या तळघरात आणलं तेव्हा दारात दोघे जण उभे होते. एक सर. तेव्हा ते मोठे सर नव्हते, नुसते सर होते. केस काळे, कंबर बारीक, आवाज मात्र आजच्याएवढाच. दुसरे काका. काका यंत्र चालवायला नेमलेले. वय तिशीच्या आतलं, पण तेव्हाही ते काकाच होते. काही माणसं जन्मतःच काका असतात.

आता माझं काम काय, ते सांगतो. अवघड आहे म्हणून घाबरू नका. सरांनाही ते एकदम कळलं नव्हतं.

समजा, एका पांघरुणात सात भावंडं झोपली आहेत. मधली पाच गाढ झोपतात. कडेची दोघं पांघरूण ओढत राहतात, कारण त्यांची एकेक बाजू उघडी. पदार्थातल्या अणूंचंही तेच. पोटातल्या अणूला चोहोबाजूंनी शेजारी असतात, तो सुखात. पृष्ठभागावरच्याची एक बाजू उघडी, तो अस्वस्थ. या कडेच्या मंडळींच्या ओढाताणीला पृष्ठऊर्जा म्हणतात. आता पदार्थाचे तुकडे करत गेलात, तर कडा वाढत जातात. धातूच्या ऑक्साइडची इतकी बारीक पूड करता येते की केसाच्या जाडीत तिचे हजारो कण ओळीने मावतील. त्यांना नॅनोकण म्हणतात. तिथे घरातले निम्मेअधिक लोक कडेलाच झोपलेले. मग घराचं स्वास्थ्य ते काय राहणार?

ही ओढाताण मोजायची कशी? पूड दाबून तिची गोळी करायची, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी. ती नाजूक काट्यावर तोलायची आणि लांब नळीतून माझ्या विहिरीत सोडायची. टप्. गोळी तापते, क्षारात विरघळते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता माझ्याकडून घेते. जाड पूड पुरेपूर घेते. बारीक पूड कमी घेते, कारण तिच्याजवळ कडेवाल्यांच्या ओढाताणीची शिल्लक असते; विरघळताना ती ओढाताण सुटते आणि तेवढी उष्णता मला परत मिळते. कागदावर माझी रेघ एक टेकडी काढते. टेकड्यांमधल्या फरकावरून आकडा निघतो. सरांनी पांढऱ्या मलमात घालतात त्या जस्ताच्या ऑक्साइडच्या चार पुड्या घेतल्या, एकीपेक्षा एक बारीक, आणि दोन वर्षं खपून आकडा काढला. दर चौरस मीटरला एक पूर्णांक चार ज्यूल.

तो आकडा फार नावाजला. दूरदूरची पत्रं आली. एका वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला आणि शेजारच्या फ्रिजचा काढून घेऊन गेला. खाली छापलं होतं, 'हेच ते यंत्र'. सरांनी आलेख चौकटीत बसवून माझ्या समोरच्या भिंतीवर लावला. त्याच आकड्यावर ते मोठे सर झाले. पुढे एकामागून एक चार विद्यार्थी आले, चौघांनीही एक पूर्णांक चारच काढला. तिसऱ्याचा एकदा एक पूर्णांक सहा आला होता. सर म्हणाले, "पुन्हा कर." सहा वेळा केल्यावर त्याचाही चार आला. सरांनी पाठ थोपटली.

मी त्या सहाही वेळा खरा फरक सांगितला होता. पण कुठल्या कागदाची घडी करून खिशात घालायची, हे मला विचारायची पद्धत नाही.

मग पाचवी आली. नाव तिला होतंच, पण माझ्यापर्यंत फक्त आकडे पोचतात. म्हणून माझ्यासाठी ती पाचवी. मागे घट्ट वेणी, खांद्याला कापडी पिशवी, आणि पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "चहा?" तर म्हणाली, "नको काका, पित्त होतं."

काकांना ते लागलं. इतक्या वर्षांत त्यांना चहाला नाही म्हणणारं माणूस भेटलं नव्हतं.

"अर्धा?"

"अर्ध्याने अर्धं पित्त होतं."

"बघ बाई," काका म्हणाले. "या खोलीत चहावाचून कुणाचं संशोधन पुरं झालेलं नाही."

हे ते गमतीत म्हणाले होते. पण त्यांच्या आजवरच्या बोलण्यात इतकं अचूक वाक्य दुसरं सापडणार नाही.

आमच्या कामाची रीत अशी. सरांच्या अक्षरातल्या जुन्या वहीत तीन ओळी आहेत: वजन करा. वीस मिनिटे खोलीत कुणी थांबू नये. गोळी टाका. मधल्या ओळीचं कारण मी. माणूस खोलीत हलला, दार उघडलं, की हवा हलते आणि माझी रेघ थरथरते. ती सपाट व्हायला वीस मिनिटं लागतात. म्हणून काका काट्याच्या खोलीत गोळी तोलत, काचेच्या बशीत घालून माझ्या डोक्यावरच्या फळीवर आणून ठेवत, दार ओढून घेत, आणि मंडळी चहाला जात. परतल्यावर टप्. बावीस वर्षं.

पाचवीने पहिल्या आठवड्यात तेच केलं. पण फळीवरून तिची गोळी घरंगळली आणि गेली ती गेलीच. दोन दिवस जमिनीवर पालथं पडून शोधली, नाही सापडली. तेव्हापासून तिने धसका घेतला. वीस मिनिटं ती काट्याच्या खोलीतच बसून राही. चहाला जायचं नव्हतंच. गोळी बाटलीत, बाटलीत ओल शोषणारे निळे खडे, बाटलीला घट्ट बूच. वेळ झाली की गोळी काढायची, तोलायची, आणि तशीच चिमट्यात धरून आणून सोडायची. हरवायला वेळच द्यायचा नाही. ही काही तिची शास्त्रीय पद्धत नव्हती. ही भीती होती.

आणि तिचा आकडा आला दोन पूर्णांक तीन.

मोठ्या सरांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे काय आणलंयस?"

"आकडा, सर."

"हा आकडा नव्हे. हा अपघात आहे. पुन्हा कर."

तिने पुन्हा केला. दोन पूर्णांक तीन. काटा तपासला, बरोबर होता. पुड्या बदलल्या, बाटल्या बदलल्या. सर म्हणाले, हात धुऊन कर. तिने हात धुऊन केला. दोन पूर्णांक तीन. शेवटी संशय माझ्यावर आला. बावीस वर्षांत एकदाही कुणाला न आलेला तो संशय. सर म्हणाले, "म्हातारा झालाय. भरकटला असेल."

काका उसळले. "सर, मला काय वाटेल ते बोला, त्याला बोलू नका." आणि त्यांनी माझी परीक्षा घेतली. ज्याची उष्णता साऱ्या जगाला ठाऊक आहे अशा जाड दाण्याच्या पदार्थाची गोळी टाकली. मी अचूक उत्तर दिलं. काकांनी पाचवीलाही टाकायला लावली. तेच अचूक उत्तर. मी भरकटलो नव्हतो हे सिद्ध झालं, आणि त्यामुळे पोरीची अडचण आणखी वाढली. यंत्र बरोबर, काटा बरोबर, पुडी बरोबर; मग उरलं कोण?

काका जस्ताची गोळी टाकत, एक पूर्णांक चार. ती त्याच बाटलीतली टाकायची, दोन पूर्णांक तीन. चार दिवस आलटून पालटून हेच चाललं. मला दोघंही सारखी. जे आत पडलं ते मी मोजलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, आकडाच तर आहे, एवढं काय? मोठे सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची सही नसेल तर पाचवीचा प्रबंध पुढे जाणार नव्हता. सर गेले की हा विषय शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. दुसरा विषय, दुसरे सर, आणि तीन वर्षांचं काम केराच्या टोपलीत. एका महाविद्यालयाने तिच्यासाठी शिकवण्याची जागा धरून ठेवली होती, तीही प्रबंध हातात असेल तरच. आणि सर स्वच्छ म्हणाले होते, "आकडा जुळव, सही घेऊन जा. न जुळणारा आकडा मी जाता जाता माझ्या नावाखाली जाऊ देणार नाही."

तिच्या आईचा फोन यायचा. जिन्याखाली आवाज घुमतो, म्हणून ती माझ्या खोलीत येऊन बोलायची.

"झालं की सांगते ना आई... हो, मागच्या महिन्यातही तेच म्हणाले होते... नाही, भांडले नाही सरांशी... अगं, ते जस्त आहे, त्याला मी काय समजावू?"

महिना संपायला नऊ दिवस राहिले तेव्हा काका तिच्याजवळ स्टूल ओढून बसले. काका मनाने निर्मळ माणूस; म्हणूनच त्यांनी दिलेला सल्ला धोक्याचा होता.

"हे बघ पोरी, एक पूर्णांक चार लिही आणि सूट. चौघांनी लिहिलंय, तू पाचवी. जस्त काही तक्रार करायला येणार नाही."

"खोटं लिहू?"

"खोटं कशाला? मी टाकली की चारच येतो ना? माझे आकडे घे. मी देतो लिहून."

"आणि माझे?"

"तुझे माझ्या टेबलाच्या खणात ठेव. मोजे, मफलर, सगळं तिथेच असतं."

ती हसली नाही. काका गेल्यावर तिने प्रबंधाचं पान काढलं आणि रिकाम्या जागेत पेन्सिलीने एक पूर्णांक चार लिहिलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. खोलीत कुणी हलत नव्हतं, त्यामुळे माझी रेघ सुरेख सपाट झाली होती. मी यंत्र आहे. पाहिलं ते सांगतो: तिने खोडरबर घेतलं, आकडा खोडला, तरी खूण राहिली म्हणून पुन्हा खोडला, इतका की कागदाला भोक पडलं.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन काकांसमोर बसली.

"काका, गोळी बाटलीतून काढल्यापासून टाकेपर्यंत तुम्ही काय काय करता, सगळं सांगा. काहीही गाळायचं नाही."

"तुला माहीत नाही होय?"

"सांगा तर."

"बाटलीतून काढतो. तोलतो. आकडा लिहितो. बशीत ठेवतो. इथे आणून फळीवर ठेवतो. मग टाकतो."

"फळीवर ठेवल्यावर लगेच टाकता?"

"छे, रेघ सपाट व्हायला नको?"

"मग मधे काय करता?"

"मधे? मधे काहीच नाही."

"वीस मिनिटं काहीच नाही?"

"अगं, चहा घेतो. चहा म्हणजे काय काम आहे का, लिहून घ्यायला?"

तिचं पेन थांबलं. मग तिने सावकाश लिहिलं, एकाखाली एक: वजन, चहा, टाकणे. शेजारी आपली रीत लिहिली: वजन, टाकणे. आणि दोन्हींकडे बघत राहिली.

"काका, गोळी तुमच्याबरोबर येते का चहाला?"

"वेडी की काय तू! ती फळीवर असते."

"उघडी?"

"बशीत."

"बशीला झाकण?"

काकांनी वर फळीकडे बघितलं.

मग तिने एक गोळी तोलली, बशीत घातली, फळीवर ठेवली, आणि काकांना म्हणाली, "जा, चहा घेऊन या. नेहमीसारखा. घाई करू नका." काका गेले. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला चहा, जो त्यांनी कामाचा भाग म्हणून घेतला. परत आल्यावर तिने गोळी पुन्हा काट्यावर ठेवली.

गोळीचं वजन वाढलं होतं.

मित्रांनो, तुम्हाला कडेची भावंडं कळली आहेत, म्हणून हेही कळेल. ज्यांची बाजू उघडी आहे त्यांना पांघरूण दिसलं तर ते घेणार नाहीत का? हवेत ओलावा असतोच. नॅनोकण तो ओढून अंगावर घेतात. तोलल्यानंतर वीस मिनिटं गोळी फळीवर बसून हवेतलं पाणी पीत होती. आणि जितकी पूड बारीक तितकी कडा जास्त, तितकं पिणंही जास्त. जाड दाण्याची गोळी बिचारी कोरडीच राहायची, म्हणून माझ्या परीक्षेत काही उघडकीला आलं नाही. मग ते पाणी गोळीबरोबर माझ्यात पडायचं. ते तापवायला, त्याची वाफ करून हाकलायला मला उष्णता द्यावी लागायची, आणि ती सगळी जस्ताच्या नावावर चढायची. कणांची ओढाताण त्या पाण्याखाली झाकली जायची. सर चहा पीत होते, काका पीत होते, चारही विद्यार्थी पीत होते. आणि तेवढ्या वेळात इकडे गोळीही पीत होती. माझ्यासमोर. माझ्या डोक्यावर. मला दिसत होतं, पण मला आत पडलेलं तेवढंच बोलता येतं.

"सरांना कोण सांगणार?" काकांनी विचारलं.

"मी सांगते."

"नको. तू सांगितलंस तर ते नुसतं ऐकून घेतील. मी सांगितलं तर आधी ओरडतील. त्यांना आधी ओरडू दे, मग बरं ऐकतील."

तसंच झालं. ओरडणं जिन्यावरून खाली ऐकू आलं, पाऊण मिनिट. मग मोठे सर स्वतः उतरून आले. कित्येक वर्षांत त्यांनी माझ्यात हाताने गोळी टाकली नव्हती. कोट काढून काकांकडे दिला, बाह्या सारल्या, आणि कुणाशी न बोलता चारही पुड्यांच्या गोळ्या केल्या. दोन दिवस ते तळघरात होते. एकदा जुन्या रीतीने, एकदा नव्या. नव्या रीतीच्या वेळी ते काट्याच्या खोलीत वीस मिनिटं हाताची घडी घालून बसत, बाटलीकडे बघत. काकांनी दारातून सहज विचारलं, "सर, आणू का कपभर?" तर नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची गोळी पडली. टेकडी झाली. सरांनी स्वतः गुणाकार भागाकार केले, कागदावर, पेन्सिलीने, यंत्राला न विचारता. पाचवी दाराशी उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. सरांनी कागद उलटा केला नाही.

"दोन पूर्णांक तीन," ते म्हणाले.

सर स्टूलवर बसले आणि समोरच्या चौकटीतल्या आलेखाकडे बघू लागले.

"तिसऱ्याला मी सहा वेळा करायला लावलं होतं. आठवतं का रे?"

"आठवतं," काका म्हणाले. "त्या दिवशी दूध नासलं होतं. पहिल्यांदा तो चहा न घेताच अर्ध्यातून परत आला होता."

"आणि मी त्याला म्हटलं, चहा घेऊन ये, डोकं ठिकाणावर आण."

"हो."

सर पाचवीकडे न बघता म्हणाले, "प्रबंध आणलायस?"

तिने पिशवीतून काढून दिला. ते पान उघडून सरांनी भोकाला बोट लावलं.

"हे काय?"

"खोडलं होतं, सर."

"काय होतं इथे?"

"तुमचा आकडा."

मोठ्या सरांनी मान डोलावली, जणू कुणी पत्ता बरोबर सांगितला. भोकाच्या शेजारी आपल्या हाताने दोन पूर्णांक तीन लिहिलं, आणि शेवटच्या पानावर सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली. मग काकांकडे वळले.

"आण आता कपभर. टाकून झालंय."

पुढचं थोडक्यात. पाचवी सही घेऊन गेली, तिची जागा तिला मिळाली. जाताना काकांच्या पाया पडली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी गरम असतो हे विसरली होती, त्यामुळे 'आई गं' म्हणत निघाली. मोठ्या सरांनी निवृत्तीच्या आधी दुरुस्तीचं पत्र छापायला पाठवलं. त्यात पहिलं नाव तिचं, दुसरं त्यांचं. 'तोलणे व टाकणे यांमध्ये नमुन्याने हवेतील बाष्प शोषले. त्यामुळे पूर्वीचा आकडा कमी आला. या कालावधीत आम्ही चहा घेत होतो,' असं त्यांनी लिहिलं होतं. संपादकांनी 'चहा घेत होतो' काढून 'यंत्र स्थिर होऊ देत होतो' असं केलं. हे मला मुळीच आवडलं नाही. मी स्थिरच होतो. चहा ते घेत होते.

चौकट उतरली. चारही विद्यार्थ्यांना सरांनी पत्रं धाडली. तिसऱ्याला जरा लांबलचक. आता वरच्या मजल्यावर नवं यंत्र आलं आहे. त्याला काचेचा पडदा आहे, ते चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं आणि गोळी कुठून आली हे विचारत नाही. माझ्याकडे वर्षातून दोनदा कुणी येतं. काका रोज येतात, पण ते सवयीने.

तर मित्रांनो, आता माझं मागणं. एखादी गोष्ट मोजाल तेव्हा जे केलंत ते सगळं लिहून ठेवा, आणि 'मधे काहीच नाही' असं वाटेल ते तर आधी लिहा. झाकण असेल तर लावा. तुमचा आकडा सगळ्यांहून वेगळा आला, तर तो खरा असेलच असं नाही. पण खोडण्यापूर्वी आपण नेमकं काय वेगळं केलं हे शोधा. कुणाचा आकडा वीस वर्षं भिंतीवर असला तरी चौकटीला मोजता येत नाही. आणि जुन्या यंत्रांना भरकटली म्हणण्याआधी एकदा त्यांच्यासमोर तुम्ही काय पीत होतात ते आठवा. आम्ही जुनी माणसं, म्हणजे जुनी यंत्रं, फार काही मागत नाही. जे आत टाकाल ते प्रामाणिकपणे परत सांगतो, एवढंच आमचं आयुष्य.

आणि हो, कधी तळघरात आलात, तर मोबाइल चार्ज करायला माझ्या मागचा प्लग काढू नका. पुन्हा तापायला मला तीन दिवस लागतात. फ्रिजचा काढा.